देणगीदार एसी देतो, बिल देत नाही

मुंबईत नवं ग्रंथालय बांधायला निघालेल्या सगळ्यांना एक विनंती आहे. आधी खिडक्या उघडतील असं बघा. सोलर, हिरवी भिंत, दारातली 'पर्यावरणपूरक इमारत' ही पाटी, सगळं सावकाश होऊ द्या.

चिडायला कारण आहे. उपनगरातल्या एका ग्रंथालयाची बैठी इमारत पाडून तिथे टॉवर झाला आणि ग्रंथालयाला पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. (नाव लिहीत नाही. चालवणारी माणसं जीव तोडून काम करतात, आणि नकाशा काही त्यांनी काढलेला नाही.) पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. का, तर भरपूर नैसर्गिक उजेड! दुपारी तीननंतर तिथे डोळे उघडेनात, म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांनी काचेवर सेलोटेपने वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. एकावर एक, पिवळी पडलेली, बहुतेक रविवारच्या पुरवण्या. त्यामुळे आत अंधार, म्हणून भर दुपारी ट्यूबलाइट चालू. चार एसींपैकी दोन बंद, वीजबिल परवडत नाही म्हणून. आणि त्या एवढ्या मोठ्या काचेला उघडणारं एकही तावदान नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं घामाने भिजलेल्या शर्टात बसलेली असतात. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, ती जाणार कुठे?

आपली बहुतेक वाचनालयं कशी चालतात ते माहीत असलेला माणूस असा नकाशा काढणारच नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता, अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे अनुदान, वर थोडी वर्गणी. त्यात पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं भागवायची. देणगीदार हौसेने एसी देतो, संगमरवरी पाटीवर आईवडिलांचं नाव घालतो. बिल मात्र दर महिन्याला येतं. म्हणून मी इमारतीला एकच परीक्षा लावते. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, वीज नसताना तिथे माणूस पुस्तक घेऊन बसू शकतो का?

मुंबईची गोम अशी, की वारा पश्चिमेचा आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचं. ऊन अडवायला ती बाजू बंद केली तर वारा गेला, वाऱ्यासाठी उघडी टाकली तर खोली तापली. जुन्या लोकांनी यावर व्हरांडा काढला. ऊन व्हरांड्यात थांबतं, वारा आत येतो, पावसाची झडही बाहेरच राहते. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय बघा. 1870 ची इमारत, मालाडचा पिवळसर दगड, वरच्या व्हरांड्यात आरामखुर्च्या, मागे बाग. दुपारी तिथे वाचणाऱ्यांइतकेच घोरणारे भेटतात, आणि माझ्या मते हेच त्या वास्तूचं प्रशस्तिपत्र. मध्यंतरी तिच्या उतरत्या छपराच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला होता. 2023 मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तो काढून पुन्हा उतरतं छप्पर घातलं.

उत्तरेच्या खिडकीचंही तसंच. 'उत्तरेला ऊन येत नाही' हे थंड देशातल्या पुस्तकातलं ज्ञान इथे अर्धंच लागू पडतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मुंबईत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. छज्जा उत्तरेलाही हवा. गच्चीसाठी तर आपल्याकडे जुना इलाज आहेच, फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक. ऊन परतवतो, पाणीही रोखतो. हल्ली त्याला 'कूल रूफ' म्हटलं की दर वाढतो.

आता कुणीतरी म्हणणारच, "ताई, तुमच्या त्या हवेशीर वाचनालयात पुस्तकांना बुरशी लागते त्याचं काय?" बरोबर आहे. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, आणि पावसाळ्यात आपली हवा बरेचदा ऐंशीच्या पुढे असते. ऑगस्टमध्ये खालच्या फळीवरचं पुस्तक काढा, कापडी बांधणीवर पांढरी पूड, पानं एकमेकांना चिकटलेली, वर डांबरगोळ्यांचा वास. पण दिवसा एसी आणि रात्री बंद, हा त्यावरचा उपाय नव्हे. गार झालेल्या पुस्तकांवर रात्री दमट हवा येते आणि ओल धरते. रोजची ही चढउतार कागदाला वाईटच.

वाचकाला वारा लागतो, जुन्या पुस्तकाला कोरडी, स्थिर हवा. दोघांना एकाच मोठ्या दालनात कोंबायचं आणि सगळं दालन थंड करायचं, इथेच पैसे आणि वीज वाया जाते. दुर्मीळ पुस्तकांना एक छोटी खोली द्या, इमारतीच्या पोटात, बाहेरची भिंत नसलेली, गच्चीखाली नाही आणि तळमजल्यावरही नाही. तिथे आर्द्रता काढणारं यंत्र चोवीस तास चालू द्या, खोली लहान असल्याने परवडेल. रोजच्या देवघेवीची पुस्तकं बाहेर राहू देत, ती हाताळली जातात, झटकली जातात. फक्त कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. वाचनकक्षाला पंखे, समोरासमोर खिडक्या, वर झडपा.

आवाजाचा आणि धुळीचा मुद्दा मात्र खरा आहे. रस्त्यावर हॉर्न, शेजारी बांधकाम, गणपतीत ढोल. अशा ठिकाणी रस्त्याच्या बाजूला जिना, स्वच्छतागृहं, कार्यालय टाकावं आणि वाचनकक्ष आतल्या चौकाकडे उघडावा. चौकासाठी जागा सोडावी लागते, म्हणून बिल्डर कुरकुरतो. कुरकुरू दे.

उदाहरणं हवीत तर चेन्नईचं अण्णा शताब्दी ग्रंथालय आहे. 2010 साली उघडलं, पर्यावरणपूरक इमारतींना देतात ते लीड गोल्ड मानांकन मिळालं. पण तो सरकारी तिजोरीतला प्रकल्प, आपल्या गल्लीतल्या वाचनालयाने त्याची नक्कल करून उपयोग नाही. मला तैवानमधल्या तैपेईचं बेइतोऊ ग्रंथालय जवळचं वाटतं. हवा आपल्यासारखीच दमट, वर वादळं. 2006 मध्ये त्यांनी लाकडी इमारत बांधली, रुंद सज्जे ठेवले, छपरावरचं पावसाचं पाणी झाडांना आणि शौचालयांना दिलं, आणि सोलरही बसवलं.

जुनी इमारत धडधाकट असेल तर पाडूच नका, हेही म्हणून ठेवते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. नव्या इमारतीने वीज वाचवून तेवढी भरपाई करायला कैक वर्षं जातात.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण, आमच्या भागातल्या आणखी एका वाचनालयाचा पुनर्विकास सभेपुढे येतो आहे. बिल्डरने दाखवलेल्या चित्रात पुन्हा पश्चिमेला काच आहे. मी आजीव सभासद आहे, तेव्हा बोलणार आहेच. नकाशा वाचता येणारं कुणी सोबत आलं तर बरं होईल. सभा रविवारी सकाळी दहाला आहे, आर्किटेक्टही येणार आहेत.