ताश्कंद न बघता परत कसं यावं

उझबेकिस्तानात, ताश्कंदला जायचं ठरलं की पहिली गोष्ट म्हणजे ऑफिसात कुणाला सांगू नका. सांगितलंत तर चहाच्या टपरीवर भुवया उडतील, डोळे मिचकावले जातील आणि ‘वहिनींना सांगितलंय ना?’ असा आपुलकीचा प्रश्न येईल. त्या बिचाऱ्यांना दोष देऊ नका. ताश्कंदबद्दल त्यांना दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, शास्त्रीजी तिथे गेले. आणि दुसरी सहलीच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. अर्ध्या तासासाठी काटे कोण फिरवत बसणार? आपली वेळ आपल्यापाशी ठेवा. म्हणजे दिवसभर अख्खं शहर उशिरा येतंय असं वाटत राहील आणि ‘या लोकांना वेळेची किंमत नाही’ हे मत परतीच्या सामानात फुकटात येईल. मोबाइल आपणहून वेळ बदलतो. त्याची ती खोड आधी मोडा.

पैसे बदलताना रुपयाला शंभराहून जास्त सोम मिळतात. हॉटेलात पोचेपर्यंत तुम्ही लखपती झालेले असता. अशा वेळी हात आखडता घ्यावा, हीच आपली रीत. दिवसभर हजार हजार सोमांसाठी घासाघीस करा. हजार सोम म्हणजे दहा रुपयेसुद्धा होत नाहीत, हा हिशेब विमान सुटेपर्यंत करू नका.

फिरायला निघाल्यावर मेट्रोने जाऊ नका. 1977 साली सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली मेट्रो असेल ती, पण जमिनीखाली बघायचं काय असतं? अलिशेर नवोई स्थानकाच्या छतावर मशिदीसारखे नक्षीदार घुमट आहेत. पाख्ताकोरच्या भिंतींवर कापसाची बोंडं फुललीत. कोस्मोनावतलर स्थानकाच्या निळ्या भिंतींवर गागारिन आणि तेरेश्कोवासोबत उलूगबेगही आहे. तो पंधराव्या शतकात समरकंदला वेधशाळा बांधणारा, तैमूरचा नातू. राजाला अंतराळवीरांच्या रांगेत उभं करायची कल्पना मला फार आवडली, पण माझं ऐकू नका. हे सगळं अणुहल्ल्यात आसरा म्हणूनही बांधलेलं, त्यामुळे 2018 पर्यंत इथे फोटो काढायला बंदी होती. बंदी असती तर चोरून चार तरी काढले असते. परवानगी असल्यावर काय मजा?

त्यापेक्षा टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला थेट विचारा, शास्त्रीजींना नक्की काय झालं होतं? हा प्रश्न प्रत्येक भारतीय प्रवासी विचारतो, तुम्ही मागे का राहावं? ड्रायव्हर पंचविशीचा आहे, याकडे लक्ष देऊ नका. तो हसून ‘इंदिया? शाहरुख खान!’ म्हणेल. याचा अर्थ त्याला माहीत आहे पण तो सांगत नाही, असा लावावा आणि रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर तसं कळवावं. तो तुम्हाला शास्त्रींच्या नावाच्या रस्त्यावर नेईल. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. दोन मिनिटं उभं राहा, सेल्फी घ्या, निघा.

10 जानेवारी 1966 ला पाकिस्तानच्या अयुब खानांबरोबर करारावर सही झाली आणि त्याच रात्री, तारीख उलटल्यावर, शास्त्रीजी गेले. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण त्या दौऱ्यात सोबत होते, म्हणजे आपलं कराडही त्या थंडीत तिथे होतं. आणि साडेतीन महिन्यांनी, 26 एप्रिलला पहाटे 5 वाजून 23 मिनिटांनी भूकंप झाला. शास्त्रीजींनी आणि यशवंतरावांनी गाडीच्या काचेतून पाहिलेलं ताश्कंद बरंचसं जमीनदोस्त झालं. आज दिसतात ते रुंद रस्ते आणि सोव्हिएत इमारती बहुतेक त्यानंतरच्या. तेव्हा ‘शास्त्रीजींचं ताश्कंद’ शोधत हिंडणाऱ्याला ते सापडणं कठीणच, आणि म्हणूनच दिवस घालवायला हा उद्योग उत्तम. भूकंपाच्या स्मारकात दुभंगलेल्या दगडावर ती वेळ कोरून ठेवली आहे. तिथे जाऊ नका, तुमचं घड्याळ अर्धा तास पुढे आहे.

चौकात तैमूर घोड्यावर बसलेला दिसेल. त्या जागी आधी स्टालिन होता, मग मार्क्स आला. तैमूर टिकेल असं आज तरी वाटतं. 1398 साली दिल्ली लुटणाऱ्याच्या पुतळ्यापुढे रागाने उभं राहायचं की दोन बोटांचा व्ही करून, हे बायको फोटो काढतेय की कुणी दुसरं, यावर ठरवा.

चोर्सू बाजाराच्या निळ्या घुमटाखाली शिरलात की हिंदी सुरू करा. मराठी माणूस परदेशात गेला की हिंदीत बोलतो, का ते विचारू नये. इथे ते गोत्यात आणतं. आपल्या ‘आ’चा ‘ऑ’ केला की निम्मा बाजार ओळखीचा वाटतो: अनॉर, बॉदॉम, नॉन. धीर चेपतो. मग तुम्ही ऐटीत ‘सब्जी’ मागता आणि बाई किलोभर गाजरं तोलते. उझबेकमध्ये सब्झी म्हणजे गाजर. वाद घालू नका. गाजरं घ्या आणि गुपचूप पुढे चला. गोल नक्षीदार नॉन घेतलात तर तो टेबलावर पालथा ठेवा. इथे ते अशुभ मानतात, म्हणजे निदान शेजारचे लोक तुमच्याकडे बघतील तरी.

जेवायला तीननंतर जा. पुलाव, म्हणजे इथलं ओश, मोठाल्या कढयांत सकाळपासून शिजतो आणि दुपारी संपतो, पण आपण सुट्टीवर आहोत, भूक आपल्या सोयीने लागणार. शाकाहारी असाल तर ‘गोश्तसिझ’ म्हणा. आचारी मन लावून मांसाचे तुकडे वेचून बाजूला काढेल आणि मेंढीच्या शेपटीच्या चरबीत शिजलेला तो भात तुमच्यापुढे ठेवेल. मग बॅगेतली भाकरवडी काढा आणि या लोकांना चव कशी ती नाही, असं मोठ्याने म्हणा. याच देशात, अंदिजानला जन्मलेल्या बाबरानेही हिंदुस्थानात चांगली खरबुजं मिळत नाहीत म्हणून आठवणींत कुरकुर लिहून ठेवली आहे. पाचशे वर्षांनी का होईना, फिट्टंफाट.

संध्याकाळी कुणीतरी घरी बोलावेल. बोलावतातच. बिनकानाच्या वाटीत, पियाल्यात, हिरवा चहा येईल, आणि तोही अर्धाच. पाहुण्याचा मान म्हणून तो थोडा थोडा ओततात, म्हणजे यजमानाला पुन्हा पुन्हा उठून वाढता येतं आणि पाहुणा बसून राहतो. वाटी काठोकाठ भरली की समजायचं, आता निघालात तरी चालेल. तुम्ही मात्र कटिंगवर भागवायला एवढ्या लांब आलेला नाही. वाटी पुढे करा आणि हाताने खूण करा: फुल्ल! म्हातारे यजमान क्षणभर तुमच्याकडे बघतील, मग बायकोकडे, आणि वाटी काठोकाठ भरतील. ती दोन घोटांत संपवा, रहमत, म्हणजे धन्यवाद, म्हणा, आणि गाजरांची पिशवी उचला.