‘धरणे पुण्याची, पाणी पुण्याचे’ या संदेशाला उत्तर

सध्या पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : खडकवासला साखळीतील धरणे पुणेकरांसाठी बांधली, पावसाळ्यात नदीत सोडलेले पाणी वाया जाते, उरलेले ऊसवाले शेतकरी उधळतात, पुणेकर मात्र काटकसरीने राहतो, म्हणून कालव्याला पाणी सोडणे थांबवावे आणि तोवर प्रत्येक सोसायटीने स्वतःचा बोअर घ्यावा. ऐन उन्हाळ्यात नळ कोरडा पडलेल्या माणसाचा संताप मला कळतो, कारण तो माझ्या घरातही आहे. परंतु या संदेशात संतापाला जी दिशा दिली आहे, ती चुकीची आहे.

पहिला दावा धरणांच्या मालकीचा. खडकवासला धरण १८७०च्या दशकात उभे राहिले ते पुणे शहर आणि लष्कराच्या पाण्याबरोबरच मुठा कालव्यांवरील शेतीसाठी. पुढे पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांची भर पडली आणि चौघांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) झाला. तोही शहर आणि हवेली, दौंड, इंदापूर, बारामती या तालुक्यांतील सिंचन या दोहोंचा विचार करूनच. पिण्याच्या पाण्याला पहिले प्राधान्य आहे, हे खरेच. पण पहिले प्राधान्य म्हणजे संपूर्ण मालकी नव्हे. ज्यांची गावे आणि शेते या जलाशयांखाली गेली, त्यांची आठवण तर संदेशात कुठेच नाही.

नदीत सोडलेले पाणी वाया जाते, हा दुसरा दावा. खुद्द खडकवासल्यात दोन टीएमसीसुद्धा उपयुक्त पाणी मावत नाही. वरची धरणे भरत आलेली असताना घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला, तर पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. धरणात येणाऱ्या पाण्यासाठी वेळीच जागा ठेवणे किती आवश्यक आहे, हे त्या दिवशी शहराने पाहिले. शिवाय मुठेतून सुटलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि तेथून उजनी धरणात पोहोचते. त्यावर सोलापूरकर तहान भागवतात.

तिसरा दावा पुणेकरांच्या काटकसरीचा, आणि खरे पाहता सारा वाद येथेच आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरांसाठीचे प्रचलित प्रमाण मानले आणि लोकसंख्या ५० लाख धरली, तर वर्षाला सुमारे ८.७ टीएमसी पाणी लागते. महापालिका दिवसाला १,४०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी उचलते, म्हणजे वर्षाला किमान १८ टीएमसी. हे पाणी जाते कुठे? वितरणातील गळती ३५ ते ४० टक्के असल्याचे महापालिकाच सांगत आली आहे. त्यातील कमी आकडा धरला, तरी सव्वासहा टीएमसी पाणी हिशेबाबाहेर जाते, म्हणजे तीन खडकवासला धरणे भरतील एवढे. शेतकऱ्याचे आवर्तन, म्हणजे कालव्यातून ठरावीक काळाने सुटणारे पाणी, बंद करण्याची मागणी करण्यापूर्वी जुन्या जलवाहिन्या बदलण्याची आणि प्रत्येक जोडणीला मीटर बसवण्याची मागणी करायला हवी. मीटरला सर्वाधिक विरोध मात्र आपल्याच वस्त्यांमधून होतो, हे मी बैठकांमध्ये बसून ऐकले आहे.

आमच्याच इमारतीचे उदाहरण देतो. गच्चीवरील टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता नळ, खराब होता आणि रोज सकाळी टाकी भरून वाहत असे. एके दिवशी मी त्या धारेखाली पाच लिटरची बादली धरली, ती वीस सेकंदांत भरली. मोटर बंद होईपर्यंत पाऊण तास ही धार चालू राहत असे, म्हणजे रोज पावणेसातशे लिटर पाणी थेट गटारात जात होते. कित्येक महिने हे कोणालाही खटकले नाही, मलाही नाही.

उसाबद्दलची तक्रार मात्र खोटी नाही. पाटाने मोकळे पाणी देऊन आडसाली, म्हणजे सुमारे दीड वर्ष शेतात उभा राहणारा, ऊस घेणे या खोऱ्याला परवडणारे नाही, ठिबक वाढायलाच हवे, आणि उघड्या कालव्यातील गळतीसुद्धा थांबायला हवी. पण उसासाठी सगळ्याच शेतकऱ्यांना दोषी धरणे अन्यायाचे आहे. माझे मामा दौंड तालुक्यात कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आहेत. आवर्तन सुटल्यावर वरच्या गावांचे भिजवून झाले की मग त्यांची पाळी येते, तीही बहुधा रात्री. बॅटरी घेऊन ते पहाटेपर्यंत दारे धरतात, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवतात, आणि कित्येकदा अर्धे रान भिजण्याआधीच पाणी तुटते. पाण्याची न्याय्य वाटणी ग्रामीण भागाला ठाऊकच नाही, असेही नाही. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, तर माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने वाटले गेले, भूमिहीनांनाही त्यात वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य ठरला. माणशी हिशेबाचा असा नियम पुण्यातील आलिशान संकुले आणि झोपडपट्ट्या यांना एकत्र लावून पाहण्याची तयारी या शहराने अजून दाखवलेली नाही.

शिवाय शहर जे पाणी वापरते, त्याचे साधारण ८० टक्के सांडपाणी होते. ते शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) कालव्यात सोडायचे आणि त्या बदल्यात धरणातील स्वच्छ पाणी वापरायचे, अशी योजना आहे. तेव्हा खालच्या शेतकऱ्यांना आपण केवळ पाणी देत नाही, आपली घाणही देतो; ती नीट शुद्ध करून देणे ही आपली जबाबदारी आहे.

राहिला बोअरचा सल्ला. पुण्याखाली बेसॉल्टचा कठीण खडक आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये, आणि ते थर कुंपणाच्या भिंतीशी संपत नाहीत. त्यामुळे एका सोसायटीने खोल बोअर घेतला की शेजारच्या सोसायटीचा आटू शकतो. उपसायचेच असेल, तर आधी भरले पाहिजे. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेतीन लाख लिटर पाणी उतरते. आमच्या इमारतीत ते जमिनीत मुरवण्याची सोय कागदावर पहिल्यापासून आहे. बॉलकॉक बदलला त्याच आठवड्यात आम्ही शोषखड्ड्याचे झाकण उघडले, तर आत बांधकामाच्या वेळचा राडारोडा काठोकाठ भरलेला होता. तो उपसायला दोन माणसांना दीड दिवस लागला.