म्हणे, पुरावा नसेल तर बाईलाच तुरुंग

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी परवा फोन माझ्यापुढे धरला. "ताई, हे खरं का हो?" त्यांच्या बायकांच्या ग्रुपवर कुठून कुठून फिरत आलेला मेसेज होता. मजकूर थोडक्यात असा: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा कायदा फक्त ऑफिसवाल्या बायकांना आहे, घरकाम आणि दुकानात काम करणाऱ्यांना तो लागूच नाही. तक्रारीला वकील लागतो, अर्ज इंग्रजीत लागतो. साक्षीदार-पुरावा नसेल तर केस उलटते आणि बाईच तुरुंगात जाते. कमिट्या सगळ्या कागदावर. 'म्हणून भगिनींनो, शहाणपणाने ते घर सोडा, दुसरं धरा.' खाली हात जोडलेले आणि गुलाबाचं फूल.

मावशी नुसत्या कुतूहलाने विचारत नव्हत्या, एवढं मला कळलं. कुणासाठी विचारताय, असं मी विचारलं नाही. पण हा मेसेज लिहिणाऱ्या गृहस्थांचा (भाषेवरून गृहस्थच वाटतात) मला भयंकर राग आलाय, म्हणून हे लिहितेय.

आधी तुरुंगाचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तीच ओळ करते. कायदा २०१३चा. त्याचं १४वं कलम खोट्या तक्रारींबद्दल आहे आणि बायकांना घाबरवायला नेहमी तेच बाहेर काढलं जातं. पण हे कलम पुरतं वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. त्यात स्पष्ट म्हटलंय की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई व्हायची गरज नाही. कारवाई कधी? तक्रार द्वेषापोटी किंवा खोटी आहे हे माहीत असून केली असेल, नाहीतर बनावट कागद दिले असतील, तेव्हा. तेही आधी चौकशी करून तिचा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. आणि एवढं सगळं होऊनही तुरुंग नाहीच. लेखी माफी, ताकीद, नोकरीतली कारवाई, अशा स्वरूपाच्या शिक्षा आहेत. पोलिसांत जाणूनबुजून खोटी फिर्याद देणं हा गुन्हा आहे, पण तो तुम्हाला, मला, त्या गृहस्थांनाही लागू आहे. त्याचा 'पुरावा नाही'शी काही संबंध नाही.

आणि पुरावा म्हणजे यांना काय हवंय? घरातली बाकीची माणसं बाहेर गेल्यावर, स्वयंपाकघरात जे घडतं त्याला साक्षीदार कुठून आणायचा? घरकामगाराच्या तक्रारीत तर, या कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीने प्रथमदर्शनी तथ्य दिसतंय का एवढंच पाहायचं असतं. खटल्यासारखं सगळं शाबीत करून दाखवायचं ओझं त्या पायरीवर बाईच्या डोक्यावर नाही.

'ऑफिसवाल्या बायकांचा कायदा' हे तर निव्वळ अज्ञान. कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येतच राहतं घर आहे, असंघटित क्षेत्र आहे, घरकामगाराची वेगळी व्याख्या आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातल्या बाईसाठी किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. आणि हा कायदा आला कुठून? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून. त्या सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करायच्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आला आणि त्यावरून पुढे हा कायदा. खेड्यातल्या कुंभार समाजातल्या बाईमुळे आलेला कायदा म्हणे ऑफिसवाल्यांचा!

वकील लागतो? उलट, समितीपुढे बाजू मांडायला वकील आणताच येत नाही. कुणालाच, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या साहेबांनाही. इंग्रजीची अट कुठेही नाही. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. हां, नियमात तक्रारीच्या सहा प्रती मागितल्यात. झेरॉक्सवाल्याकडे उभं राहून ही गोष्ट सहा वेळा छापून घेण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला काय म्हणावं!

राहिलं 'कमिट्या कागदावर'. इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतंय. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात, ऑरेलिआनो फर्नांडिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. डिसेंबर २०२४मध्ये त्याच प्रकरणात पुन्हा मुदती घालून द्याव्या लागल्या: या कायद्याचं काम बघणारे जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत नेमा, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५पर्यंत. कायदा लागू होऊन अकरा वर्षं झाल्यावर! त्यामुळे मेसेजमधलं हे वाक्य हवेतून आलेलं नाही. आणखी एक कबूल करते. घरकामगाराच्या तक्रारीत तथ्य दिसलं तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. चौकीची पायरी नको म्हणून जी समितीकडे आली, तिला शेवटी चौकीच. कायद्यातली ही गोम मला कधीच पटलेली नाही.

पण यावरून 'गप्प बसा' कसं निघतं? निघतं ते असं की समितीने बाहेर पडायला हवं. ही माझी अपेक्षा नाही, कायद्याचीच आहे. तालुक्यात आणि शहराच्या वॉर्डात तक्रार घेणारा समन्वय अधिकारी नेमायचा आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पोचवायची. स्वयंसेवी संस्थांना हाताशी धरून बायकांना हक्क सांगायचे, हे २०व्या कलमात जिल्हा अधिकाऱ्याचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. प्रत्यक्षात बाईने समिती शोधायची ती जिल्हाधिकारी कचेरीच्या कुठल्यातरी मजल्यावर, तीही नेमकी तिची चार घरं चालू असतात त्या वेळेत. रविवारी तिला जरा उसंत, तर कचेरी बंद.

अवघड काय आहे? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, २००८च्या कायद्याने झालेलं. तिथे नोंदणीला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात समितीचा नंबर द्या. रेशन दुकानात, अंगणवाडीत मराठीत एक पाटी लावा. सोसायटीच्या फलकावर 'कामवाल्या बायकांनी ही लिफ्ट वापरू नये' लिहायला जागा असते, तिथे ही पाटीही मावेल. महिन्यातून एखाद्या रविवारी समितीचा एक माणूस वस्तीत येऊन बसला तर काय बिघडेल?

आणि त्या गृहस्थांनी सगळ्यात उपयोगाची गोष्ट सांगितलीच नाही, ती म्हणजे मुदत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. 'घर सोडा, दुसरं धरा' करत बसलं की हे दिवस निघून जातात.

मावशींना मी ग्रुपवर टाकायला हे लिहून दिलं, तुम्हीही पाठवू शकता: 'घरकामाच्या ठिकाणी कुणी त्रास देत असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जाऊन स्थानिक समिती विचारा. तीन महिन्यांच्या आत. मराठीत चालतं, लिहिता येत नसेल तर ते लिहून देतात. वकील लागत नाही. तरी कायद्याचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तो बायकांना फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तातडीची मदत हवी असेल तर ११२ किंवा १८१ लावा.'