एकास साडेतीनशे

पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हे पाण्यात चालतं का हो?" नाही म्हटलं की दुसरा, "मग विकता का?" त्यालाही नाही म्हटलं की पाहुणे आमच्या हिच्याकडे वळून बघतात. घरात काहीतरी दुखणं आहे आणि इतकी वर्षं ते बाहेर कळू दिलेलं नाही, असा भाव असतो त्या नजरेत. ही शांतपणे म्हणते, "चहा घ्या. त्यांचं काही नाही, बाकी सगळं नॉर्मल आहे."

मी युद्धनौकांची मॉडेलं करतो, आणि तीही आजच्या, चालू नोकरीतल्या युद्धनौकांची. या छंदातली शहाणी माणसं जुनी जहाजं करतात. दुसऱ्या महायुद्धातली कुठलीही नावाजलेली युद्धनौका घ्या. ती एकतर समुद्राच्या तळाशी असते, नाहीतर केव्हाच भंगारात गेलेली असते, नाहीतर संग्रहालय होऊन उभी असते. तिचे नकाशे छापून झालेले असतात आणि तिच्यात आता कोणी काडीचाही बदल करणार नसतो. शिवाय किट तयार मिळतं. जपानमधल्या शिझुओकाच्या चार कंपन्यांनी 1971 साली एकत्र येऊन 1:700 या प्रमाणातल्या जहाजांची एक मालिकाच काढली. त्यात पाण्याखालचा भाग दिलेलाच नसायचा. जहाज टेबलावर ठेवलं की टेबल हाच समुद्र. माझ्याकडचं एक बघून मेहुणा म्हणाला होता, "बुडायला लागलंय वाटतं." त्याच्याशी मी या विषयावर बोलत नाही.

मला हवी होती आयएनएस मुंबई. दिल्ली वर्गातली तिसरी विनाशिका, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 22 जानेवारी 2001 ला नौदलात दाखल झालेली. 2006 मध्ये लेबनॉनमधून आणि 2015 मध्ये येमेनमधून अडकलेल्या माणसांना बाहेर काढायला गेलेली. एवढ्या कर्तबगार बाईचं किट मला कुठल्याच दुकानात मिळालं नाही. तेव्हा प्लास्टिकच्या शीटा आणल्या, कटर घेतला आणि डायनिंग टेबलाचा एक कोपरा संरक्षण खात्याच्या ताब्यात गेला. तो अजून सुटलेला नाही. आम्ही तिघं उरलेल्या तीन कोपऱ्यांवर जेवतो.

या धंद्यात एकदा भागाकाराची सवय लागली की ती जात नाही. माझं प्रमाण एकास साडेतीनशे. जहाज 163 मीटर लांब. साडेतीनशेने भागा, साडेसेहेचाळीस सेंटिमीटर. पावणेसहा फुटी नौसैनिक पाच मिलिमीटरचा. इथवर ठीक आहे. पुढची तोफ 100 मिलिमीटरची, म्हणजे तिच्या नळीचं तोंड 0.3 मिलिमीटरही भरत नाही. एवढं बारीक भोक असलेली धातूची नळी कोपऱ्यावरच्या एकाच दुकानात मिळते, ती म्हणजे इंजेक्शनची सुई. मी केमिस्टकडे गेलो आणि सगळ्यांत बारीक सुया मागितल्या.

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. औषधही नको, नुसत्या सुया द्या."

"पेशंट कोण आहे?"

मी खरं तेच सांगितलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि एक पाऊल मागे सरकले.

तोफ मात्र फक्कड झाली. खरी परीक्षा रेलिंगची. आधुनिक युद्धनौकेवर क्षेपणास्त्रं, रडार, हेलिकॉप्टरं असतात असं लोकांना वाटतं. मॉडेलवाल्याला विचाराल तर युद्धनौका म्हणजे मुख्यतः रेलिंग. पुढून मागे, मजल्यामजल्यावर, शिडीच्या दोन्ही बाजूंना रेलिंगच रेलिंग. खरं रेलिंग मीटरभर उंच, आपलं तीन मिलिमीटरही नाही. ते पितळेच्या पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेलं मिळतं. मोठ्या पत्र्यातून ते कटरने सोडवायचं, डेकच्या वळणाप्रमाणे वाकवायचं, चिमट्यात धरायचं, कडेला फेव्हिक्विकचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब लावायचा आणि श्वास रोखून टेकवायचं. टेकवलं की रेलिंग चिकटतं. कधी डेकला, कधी चिमट्याला, बहुतेक वेळा अंगठ्याला. आधारला बोट लावायला गेलो तर यंत्र म्हणालं, ठसा जुळत नाही. त्यावर मिलिमीटरभर फेव्हिक्विक होता, कसा जुळणार?

आणि मग येतो तो आवाज. "टिंग." चिमट्यातून भाग उडाल्याचा. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला एकांत म्हणजे काय ते कळायचं नाही. आमचं घर जुन्या इमारतीत, फरशी मोझॅकची. काळे, पांढरे, करडे, पिवळट असे हजारो ठिपके. पूर्वीच्या बिल्डरने ही फरशी केवळ मॉडेलचे भाग लपावेत म्हणून निवडली असणार. दोन मिलिमीटरचा करडा अँटेना तिच्यावर पडला की तो फरशीचाच होतो. मग विजेरी जमिनीला समांतर धरून, गाल फरशीला टेकवून मी सावली शोधत सरपटतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला हिचा जुना पायमोजा बांधला की भाग आत न जाता मोज्यावर अडकतो, ही युक्ती जगभरचे मॉडेलवाले वापरतात. आमच्याकडे त्या मोज्यावर एक मोती, दोन साबुदाणे आणि मुलाचा दुधाचा दात आला. अँटेना चार दिवसांनी मावशींना केरात दिसला. त्यांनी तो वाटीत घालून देव्हाऱ्याजवळ ठेवला, नथीचा तुकडा असेल म्हणून. तेव्हापासून मावशींना चहाबरोबर बिस्किटं जास्त मिळतात.

देव्हाऱ्यावरून आठवलं. अँटेनांच्या तारा खऱ्या जहाजावर बोटाएवढ्याही जाड नसतात. इथे त्या केसाहून बारीक व्हायला हव्यात. त्यासाठी प्लास्टिकची काडी ज्योतीवर फिरवायची, मऊ झाली की ज्योतीबाहेर काढून दोन्ही हातांनी झटक्यात ओढायची. कोळ्याच्या जाळ्यासारखा लांबच लांब धागा निघतो. अजिबात न हलणारी ज्योत घरात एकच, निरांजनाची. आई एके संध्याकाळी म्हणाली, "देवापुढे बसायला लागलास, बरं वाटलं रे." मी नुसती मान हलवली. धागा ओढायच्या वेळी बोलायचं नसतं.

पावसाळ्यात तर मुंबईत हा छंद बंदच करायला हवा. फेव्हिक्विक सुकतो हवेतल्या दमटपणावर, त्यामुळे जुलैमध्ये तो बाटलीच्या तोंडाशीच दगड होतो. उलट फवाऱ्याचा लॅकर रंग दमट हवेत मारला की त्यावर पांढरट धुकं चढतं. कॉम्प्रेसरच्या पाणी अडवणाऱ्या भांड्यात थोड्याच वेळात पाणी साचतं आणि नेमक्या पुढच्या डेकवर एक थेंब थुंकतं. करडा रंग सुद्धा साधा नाही. माझ्याकडे करड्याच्या इतक्या बाटल्या आहेत की ही म्हणते, "यातला एक भिंतीला लावला असता तर हॉल तरी उजळला असता."

पण हे सगळं हाताचं काम झालं, हात सवयीने वळतो. डोकं फिरतं ते माहितीपायी. जुनी विक्रांत 2012 पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा तिकीट काढून आत जाता यायचं. मग तीही मोडीत निघाली आणि तिच्या पोलादाचा काही भाग मोटरसायकलींच्या टाक्यांत गेला. चालू युद्धनौकेचे नकाशे मात्र कोणी देत नाही, आणि देऊही नयेत, एवढं मलाही कळतं. फोटो असतात ते समोरून, झेंडे लावलेले, क्षेपणास्त्र सुटताना, धुराने नेमका मागचा डेक झाकलेला. जगाला क्षेपणास्त्राचा पल्ला हवा असतो. मला दोर बांधायचे खुंटे किती आणि कुठे, एवढंच हवं असतं, आणि हे विचारणारा माणूस पल्ला विचारणाऱ्यापेक्षा जास्त संशयित वाटतो.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये हिवाळ्यात सगळे एका बाजूला जमून सीगलना गाठिया घालत असतात. मी एकटा दुसऱ्या बाजूला, नेव्हल डॉकयार्डकडे डोळे लावून, तोंडाने पुटपुटत. कॅमेरा काढायचा नाही, म्हणून पाठांतर. "चिमणीच्या मागे दोन पेट्या, त्यानंतर शिडी." शेजारच्या बाईंनी मुलाला जवळ ओढून घेतलं.

नौदल सप्ताहात एकदा एका युद्धनौकेवर जायला मिळालं. लोक तोफेजवळ गर्दी करून होते. मी रेलिंगला वीत लावून बघत होतो, पावलं मोजत डेकची रुंदी काढत होतो. एक तरुण नौसैनिक अदबीने जवळ आला. "सर, कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, नाही, रेलिंगला आडव्या तारा तीनच आहेत ना, ते बघतोय. त्याने माझ्याकडे बघितलं, रेलिंगकडे बघितलं, आणि मग जहाजावरून उतरेपर्यंत तो माझ्यापासून दोन हातांवर राहिला. फार प्रेमळ मुलगा.

बरं, एवढं करून जहाज जागेवर राहावं? युद्धनौका दुरुस्तीला गेली की नवं रडार घेऊन येते, जुनं काहीतरी उतरवून येते. त्यामुळे नुसती "आयएनएस मुंबई" असं काही करता येत नाही, कुठल्या सालची ते ठरवावं लागतं. मी 2015 ठरवलं. काम चालू असताना 2023 च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की नूतनीकरण होऊन आयएनएस मुंबई पूर्वेच्या ताफ्यात, विशाखापट्टणमला गेली. आणि आयएनएस विशाखापट्टणम? ती 2021 पासून मुंबईत. लाँचच्या कठड्याला टेकून मी जिला पाठ करायचो ती आता दुसऱ्याच समुद्रात. नव्या विनाशिका करायलाही सोप्या नाहीत. रडारला चकवायचं म्हणून त्यांच्या भिंती सपाट आणि उतरत्या असतात, तारा-बिरा कमी. पण सपाट भिंतीवर पॉलिश पेपरचा एक ओरखडा राहिला तरी तो आयुष्यभर डोळ्यांत खुपतो.

जहाज पुरं झालं. आमच्या हिच्या माहेरचे एक काका नौदलातून निवृत्त झालेले, ते मुद्दाम जेवायला बोलावले. हात न लावता त्यांनी चष्मा पुढे-मागे करत चारी बाजूंनी पाहणी केली.

"छान आहे जावईबापू. पण ही मागची तबकडी नव्हती आमच्या वेळी."

"हे 2015 चं आहे, काका."

"मी 2006 ला होतो हिच्यावर. त्या सालचं करायचं मग."

मी वही-पेन्सिल घेऊन समोर बसलो. आयती संधी होती. "काका, पुढच्या डेकवर खुंटे किती होते?"

"खुंटे?" काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "ते कोण मोजतंय? पण गॅली, आमचं स्वयंपाकघर, विचारा, डोळे मिटून सांगतो. इथे, या भिंतीच्या आत." त्यांनी नखाने माझ्या रेलिंगच्या एक केसभर अलीकडे खूण केली. माझ्या घशाशी आलं. "आतलं नाही का करत तुम्ही? करायला हवं. गरम पोळी मिळायची इथे, वादळ असलं तरी."

ही पोळी वाढत होती. म्हणाली, "करतील की, त्यांना काय. केवढी होईल हो तुमच्या त्या हिशोबात पोळी?"

"साडेसतरा सेंटिमीटरची धरली तर अर्धा मिलिमीटर," मी म्हटलं.

"पापुद्रा सुटलेली दाखवा," काका म्हणाले.