बोका, लिफ्ट आणि आय.ई.

कोथरूडला आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दारावर नवी सूचना लागली, इंग्रजीत: "पेट्स, आय.ई. डॉग्ज, नॉट अलाउड." दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बोक्याची टोपली घेऊन लिफ्टमधून उतरल्या. सेक्रेटरींनी हटकलं तर म्हणाल्या, "पेट्स म्हणजे कुत्रे, असं तुम्हीच लिहिलंय. हा कुत्रा दिसतोय का तुम्हाला?"

काकूंचं शंभर टक्के बरोबर. आय.ई. हे लॅटिन 'इड एस्ट'चं लघुरूप. अर्थ 'म्हणजेच'. सेक्रेटरींना हवं होतं ई.जी., 'एक्झेम्प्लि ग्रातिया', उदाहरणादाखल.

खरा घोळ आपल्या 'म्हणजे'चा आहे. हा शब्द एकटा दहा जणांचं काम करतो. अर्थ सांगतो, उदाहरण देतो, बोललेलं सावरतो, 'आलास म्हणजे सांग' असं म्हणताना तर 'जेव्हा' होतो, आणि काही सुचेनासं झालं की नुसताच "म्हणजे... म्हणजे..." चालू राहतो. इंग्रजीत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस नेमलेला आहे.

हिंजवडीत आमच्या ऑफिसात कॉलवर रोज ऐकतो: "मीन्स, रिपोर्ट विल कम टुमॉरो." आता यातून परदेशातल्या माणसाने काय समजायचं? 'दॅट मीन्स' म्हणालात तर आधीच्या गोष्टीचा परिणाम सांगताय: सर्व्हर बंद आहे, त्यामुळे रिपोर्ट उद्या. 'आय मीन' म्हणालात तर स्वतःचंच वाक्य दुरुस्त करताय: आज म्हणालो, पण मला उद्या म्हणायचं होतं. पहिल्यात दोष सर्व्हरचा, दुसऱ्यात तुमचा. अप्रेझलच्या तोंडावर हा फरक लहान नाही!

मुलीच्या क्लासमध्ये 'लिंकर्स'ची, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या इंग्रजी शब्दांची, एक झेरॉक्स वाटली होती. एकाच चौकटीत आय.ई., नेमली (namely), इन अदर वर्ड्स, इन फॅक्ट, सगळे दाटीवाटीने बसवलेले, वर मथळा 'खुलासा करण्यासाठी'. जणू कुठलाही उचला, सारखाच. असं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं. 'इन अदर वर्ड्स'नंतर तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत यायला हवी, नवा मुद्दा घुसडायचा नाही. 'इन फॅक्ट' आधीचं आणखी ठासून सांगतं, कधी खोडूनही काढतं. 'नेमली'नंतर पूर्ण यादी. तीन कागद लागणार म्हटलं की तिन्हींची नावं द्यायची, दोन सांगून थांबायचं नाही. आणि 'ऑर रादर' म्हणजे आपलं देखणं 'नव्हे': दहा, नव्हे बाराच हजार.

मी मुलीला मराठीतूनच खूण सांगितली. 'म्हणजे'ला 'च' चिकटवून बघ. 'म्हणजेच' शोभलं तर आय.ई. आणि शेवटी 'वगैरे' जोडावंसं वाटलं तर ई.जी. तिला एका संध्याकाळी जमलं. (व्याकरणवाले नाक मुरडतील, मुरडू देत.) ई.जी.मध्ये वगैरे आधीच आलेलं असतं, म्हणून पुढे एटसेट्रा लिहायचं नाही, हेही तिला तेव्हाच उमगलं.

काल लिफ्टवर सुधारित सूचना लागली: "पेट्स, ई.जी. डॉग्ज, कॅट्स, एटसेट्रा." मी सेक्रेटरींना म्हटलं, अहो, तेवढं एटसेट्रा काढा, ते जास्तीचं आहे.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "काकूंकडे पोपटपण आहे."