आधी बॉर्डर लावून घ्या

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, मशीनवर घासून-कापून तयार होतं आणि माझ्या टेबलावर येऊन पडतं. मापाच्या गेजवर तो भाग बसतो की बसत नाही, एवढंच मी सांगायचं. बसला तर पुढं, नाही बसला तर लाल ठिपका मारून बाजूला. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात गेज देऊन मी बजावतो, "आपणहून गेलं तर गेलं. अंगठ्यानं ढकलायचं नाही. ढकललंस की गेज खोटं बोलायला लागतंय." एकवीस वर्षं हे सांगत आलोय. पुढं जे झालं त्यात माझी अब्रू गुंतलेली आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या आषाढात बेळगावात पाऊस असा लागला होता, की शाळांना सुट्टी आणि दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही ओले. नेमक्या त्या आठवड्यात पुण्याच्या दाजींकडनं लेकीच्या वाढदिवसाचं पार्सल आलं. आत जिगसॉ पझल. एक हजार तुकडे. झाकणावर सुपरमॅन, वंडर वूमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, अ‍ॅक्वामॅन अशी सगळी मंडळी लग्नाच्या ग्रुप फोटोला उभी राहावीत तशी उभी, आणि मागं रात्रीच्या शहरासमोर बॅटमॅन, सगळ्यांशी भांडण झाल्यासारखा.

बायकोनं झाकण हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "अहो, फोटो तर ह्याच्यावरच आहे की. मग परत कशाला जोडायचा?"

ह्या प्रश्नाला आजतागायत मला उत्तर सापडलेलं नाही.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "घरात मोडलेल्या वस्तू काय कमी आहेत? तो मिक्सर सहा महिने पडलाय. आणि हे पैसे मोजून मोडकं मागवलंय."

पहिली अडचण जागेची. पूर्ण झाल्यावर चित्र सत्तर सेंटीमीटर लांब, पन्नास रुंद होणार, असं बॉक्सवर छापलेलं. मी टेप काढून अख्खं घर मोजलं. शेवटी सापडला कॅरम बोर्ड. खेळायची जागा चौरस, चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. जणू बॅटमॅनसाठीच करून घेतलेला. रात्री दिवाणाखाली सरकवायलाही सोपा. फक्त कॅरमला चार कोपऱ्यांत चार भोकं असतात, आणि आमच्या बोर्डाच्या जाळ्या फाटून काळ लोटलाय, हे ध्यानात यायच्या आत वंडर वूमनची हनुवटी एका भोकातनं खाली गेली. मग चारी भोकांत माझे जुने मोजे कोंबले. जागतिक कीर्तीच्या वीरांना असला वास पहिल्यांदाच सहन करावा लागला असणार.

संध्याकाळी दाजींचा फोन. पुण्याची माणसं वस्तू पाठवतात तेव्हा ती वापरायची कशी, हेही सोबत पाठवतात. "हे बघा, ह्याची एक पद्धत असते. आधी बॉर्डर लावून घ्या. बॉर्डर लागली की आतलं आपोआप सुटतं."

मी म्हटलं, "दाजी, बेळगावात फोन लावलाय तुम्ही."

त्यांना काही ते कळलं नाही. पण लेकीनं मोबाइलवर शोधून जे वाचून दाखवलं, ते ऐकून आई तांदूळ निवडायचं थांबली. हा खेळ काढला तो लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या माणसानं, १७६०च्या दशकात. त्यानं नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमेवरनं करवतीनं कापला. पोरांनी तो जोडत बसायचं आणि भूगोल शिकायचा.

"म्हणजे आधी सीमेवरनं कापायचं आणि मग जोडा म्हणायचं?" आईनं विचारलं.

"हो आजी."

"मग आमचं तेच केलंय की ५६ साली."

आता ह्यावर काय बोलणार? १९५६ साली राज्यं कापली, १९६६ साली सीमेच्या वादावर महाजन आयोग बसला, २००४ साली डबा सुप्रीम कोर्टात गेला. महाराष्ट्र मागतो त्या एकट्या ८६५ गावांचेच तुकडे आहेत. आणि खरी अडचण तुकड्यांची नाहीच. झाकणावरचं चित्र कुठलं, हेच इकडचे एक सांगतात आणि तिकडचे दुसरं. आमच्याकडं निदान झाकण होतं.

कडेचे तुकडे किती हे मी गणित करून काढलं. आडवे चाळीस, उभे पंचवीस, म्हणजे चार कोपरे धरून १२६. दोन तास चौघं चार बाजूंनी बसलो तेव्हा १२५ निघाले. एक नाहीच. मी सगळ्यांना उठायला लावलं, सतरंजी झटकली, मोजे काढून भोकं तपासली, लेकीचं दप्तर पालथं केलं. आईनं काही न बोलता उरलेले तुकडे सुपात ओतले, दोनदा पाखडल्यासारखं केलं, तिसऱ्यांदा बोटानं बाजूला सारत एक तुकडा उचलून माझ्यापुढं धरला. एक बाजू सरळ. १२६ पुरे.

त्या दिवसापासनं निवडणं आईकडं गेलं. चाळीस वर्षं तांदळातले खडे काढलेली नजर. चष्मा लावून पेपर वाचता येत नाही, पण लालातला केशरी तिला चष्म्याशिवाय दिसतो. सुपरमॅनचा झगा, फ्लॅशचं अख्खं अंग आणि वंडर वूमनची चोळी, हे तीन लाल आम्हाला एकच वाटत होते. आईनं तीन ढीग केले. "हा कुंकवासारखा, हा पिंजरीसारखा, हा मिरचीच्या पुडीसारखा." मिरची म्हणजे फ्लॅश.

सगळ्यात आधी पूर्ण झाली ती सुपरमॅनची चड्डी. भोवती निळं, मध्ये लाल, चुकायला वावच नाही. आई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली. "एवढा थोराड माणूस, आणि ही वरनं का घातलीय?" लेकीनं सांगितलं, तो १९३८ सालचा आहे आणि तेव्हा सर्कशीतले पैलवान तंग कपड्यांवरनं असलंच घालायचे, त्यावरनं ते काढलं. आईचं लगेच समाधान झालं. "तालमीतला होय! मग असू दे." आमच्या आजोबांनी आनंदवाडीच्या आखाड्यातली एक कुस्ती चुकवली नव्हती. पैलवानाच्या पोशाखावर आमच्या घरात शंका घेत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, शाळा सुरू झाली आणि जिच्यासाठी हे सगळं आलं होतं ती लेक गल्लीत सायकल चालवायला निघून गेली. अडकलो आम्ही. 'एकच लावतो आणि झोपतो' असं म्हणून बसलेला माणूस साडेबाराला भिंतीवरचं घड्याळ बघून दचकतो. बायको तर ह्या प्रकाराच्या विरोधातच होती. पण आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं पहाटे चारला, तेही रोज नाही. बॅरल भरेपर्यंत तिला बसून राहावं लागतं. एका सकाळी मी उठून दिवाणाखालनं कॅरम ओढला तर अख्खी वंडर वूमन तयार. मुकुट, पट्टा, दोरी, सगळं. मी विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत? रात्री तुम्हीच लावली असेल."

त्यात शेजारच्या कानडी अक्का. त्या यायच्या कढीपत्ता मागायला. कढीपत्ता हातात घेऊन, उभ्या-उभ्या बोर्डावर नजर टाकायच्या, मी पाऊण तास ज्या तुकड्यासाठी मान मोडून बसलोय तो ढिगातनं नेमका उचलायच्या आणि "इदु इल्ली बरतैती नोडरी", म्हणजे हा इथं येतो बघा, म्हणून तो त्याच्या जागी ठेवून निघून जायच्या. बसायच्याही नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर घरात कढीपत्ता असतानाही यायला लागल्या. आमच्या दोन घरांत भाषेवरनं कधी शब्दाला शब्द लागला नाही, पण ग्रीन लँटर्नचा शेवटचा तुकडा त्यांनी लावला तेव्हा मला पहिल्यांदा सीमाप्रश्न मनाला लागला.

महिन्याभरात सगळे वीर उभे राहिले. उरली रात्र.

ह्या बॅटमॅनचा मला राग आहे. १९३९ सालचा, म्हणजे सुपरमॅनच्या पाठचा, पण सगळं उलटं. उडता येत नाही, अंगात दैवी ताकद नाही, आणि बाहेर पडणार तो रात्रीचाच, तोही काळी घोंगडी पांघरून. आमच्या लहानपणी कॉमिकमधला वेताळ होता, कवटीची अंगठी घालून गुहेत राहायचा, पण निदान दिवसाढवळ्या दिसायचा तरी. बॅटमॅन, मागचं आकाश आणि बिनखिडक्यांच्या इमारती मिळून काळे तुकडे जवळजवळ तीनशे. आईनंही सूप खाली ठेवलं. "हे उडीद आहेत बाबा. उडदातनं काय निवडू?"

इथं माझी विद्या कामाला आली. तुकड्याला चार बाजू, प्रत्येक बाजूला एक तर खुंटी नाही तर खाच. कसाही फिरवा, जाती सहाच होतात. चारी खुंट्या, तीन, समोरासमोर दोन, शेजारी-शेजारी दोन, एक, आणि एकही नाही. मी कुंद्याचे, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचे, सहा रिकामे बॉक्स घेतले आणि जातवारी लावली. खरं म्हणजे रिकामे पाचच होते. सहाव्यात पाव किलोभर कुंदा शिल्लक होता, पाहुण्यांसाठी ठेवलेला. तो रिकामा करावा लागला. कामासाठी.

बायकोला मी हेही समजावून सांगितलं, की हे तुकडे एकेक कापत नाहीत. चित्र पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि वरनं पोलादी पात्यांची डाय दाबतात, एका दाबात सगळे सुटे. डाय बोथट झाली की कडेला लव येते. त्यात पावसाची हवा. पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, त्यामुळं तुकडा बरोबर असला तरी जरा घट्ट जातो. "म्हणून थोडा जोर लागणारच," मी म्हटलं. हे वाक्य तिनं लक्षात ठेवलं, हे मला नंतर कळलं.

गणपती तीन दिवसांवर आले. दरवर्षी कॅरमवरच सजावटीचा पाया उभा राहतो, त्यामुळं आईनं वटहुकूम काढला, उद्या बोर्ड रिकामा पाहिजे. त्या रात्री सगळं घर जागं. अक्काही आल्या, ह्या वेळी कढीपत्त्याचं निमित्तसुद्धा नव्हतं. पंखा बंद, घामाच्या धारा. दहा उरले, पाच उरले, एक उरला. लेकीनं टाळी वाजवायला हात वर केला. मी शेवटचा तुकडा उचलला, शेवटच्या भोकावर नेला.

बसेना.

फिरवला. बसेना. भोकाला शेजारी-शेजारी दोन खुंट्या पाहिजेत, माझ्या हातात समोरासमोर दोन. तुकडा एक आहे, जागा एक आहे, दोन्ही काळ्या आहेत, आणि एकमेकांचे नाहीत.

कुणीच काही बोललं नाही. मग बायको अगदी मऊ आवाजात म्हणाली, "म्हणजे कुठंतरी कुणीतरी दुसरा ढकलून बसवलाय."

"अक्का असतील," मी मराठीत, जरा हळू म्हटलं. अक्कांना मराठी माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी नुसतं बघितलं. मग मी पावसाला दोष दिला, डायला दिला, ज्या कुठल्या कारखान्यात हे कापलं तिथल्या इन्स्पेक्शनला दिला. तीनशे काळ्या तुकड्यांत एक खोटा. बॅटरी मारून बघितलं, बोर्ड तिरपा धरून बघितलं. मी चक्क व्हर्नियर काढला. लेक म्हणाली, "बाबा, परवा रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा 'टक्' असा आवाज आला होता."

"उंदीर असेल."

आई पुढं सरकली. डोळे मिटले आणि तळवा आकाशावरनं फिरवायला लागली, काटवटीत भाकरी थापताना कड कुठं जाड राहिली ते हाताला कळतं ना, तसा. बॅटमॅनच्या डाव्या कानापाशी हात थांबला. नखानं तुकडा उचकटला. एका खुंटीचा पार चेंदा झालेला. तो दिव्याखाली धरला तर काळ्या कागदावर मधोमध एक गोल, चकचकीत डाग.

बायकोनं तुकडा घेतला. नाकाशी नेला.

"कुंदा," ती म्हणाली. "आणि मी आठ दिवस लेकीला ओरडतेय, पाहुण्यांचा कुंदा कुणी संपवला म्हणून."

हातातला समोरासमोर दोन खुंट्यांचा तुकडा कानापाशी ठेवला, तो आपणहून गेला. चेंदलेला भोकात बसला, पण नीट नाही. जरा हलतो. चित्र पूर्ण झालं. अक्कांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

लेक मात्र टाळी न वाजवता आत गेली. बाहेर आली ती लाल स्केचपेन घेऊन. चेंदलेला तुकडा तिनं परत उचलला, उलटा केला, पाठीवर एक मोठा लाल ठिपका काढला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"बाबा, इथं सही."