कॅलिगुलाने घोड्याला कॉन्सुल केलंच नव्हतं

इलेक्शन आलं की तो फॉरवर्ड हमखास फिरतो, रोमच्या कॅलिगुला राजाने आपल्या घोड्याला मंत्री केलं आणि अख्खी सभा त्याच्यापुढे माना डोलवत बसली वगैरे. वाचायला भारी आहे पण तसं घडलेलं नाही.

घोडा खरा होता, नाव इन्सिटाटस, शर्यतीचा. त्याचे लाड पण अफाट, संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, जांभळी झूल, गळ्यात रत्नांचा पट्टा, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याची झोपमोड नको म्हणून आजूबाजूला गप्प बसवायला चक्क सैनिक पाठवायचे! हे सगळं स्वेटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहिलंय. पण कॉन्सुलपदाबद्दल (रोममधलं सर्वात मोठं सरकारी पद, एका वेळी दोघं असायचे, फॉरवर्डमधला 'मंत्री' तो हाच) तोसुद्धा एवढंच म्हणतो की तसा बेत होता असं लोक सांगतात. म्हणजे ऐकीव गोष्ट, तीही राजा मेल्यावर ऐंशीएक वर्षांनी. कॅसियस डिओ हा इतिहासकार तर अजून शंभरेक वर्षांनंतरचा, तोही म्हणतो राजा जगला असता तर केलं असतं. सेनेका हा रोमन लेखक त्याच काळातला, कॅलिगुलावर खार खाऊन असलेला, तो घोड्याचं नावही काढत नाही आणि असला मसाला त्याने सोडला असता असं मला तरी वाटत नाही. बहुतेक सिनेटरांना, म्हणजे रोमच्या सभेतल्या बड्या लोकांना, टोमणा मारला असणार, तुमचं काम माझा घोडापण करेल टाइप.

बाकी माणूस काही संत नव्हता. इ.स. ३७ ते ४१ जेमतेम चार वर्षं राज्य, त्यात ३९ साली दोन्ही कॉन्सुलना खरंच काढून टाकलं, शेवटी स्वतःच्याच अंगरक्षकांनी मारला. व्हॅटिकनच्या चौकात उभा असलेला इजिप्तचा ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) मात्र त्यानेच रोमला आणला, त्याचा फॉरवर्ड कोणी करत नाही.